जोतिबाची चैत्र यात्रा: वयस्कर माणूस आणि लहान मूल बरोबर असेल तर काय काळजी घ्यावी?

झुळूक:
नमस्कार मंडळी. यंदा सासूबाईंनी (वय ६८) चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला (कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर) जायचंच असं जाहीर केलंय. नवस नातवाच्या नावानं आहे, म्हणून तोही (वय ७) बरोबर. आईंना बीपी आणि शुगर, सकाळी लघवीची एक गोळीही असते. पोराला दम्याचा त्रास, पंप चालू आहे. आईंचा बेत असा: कुशिऱ्यापर्यंत गाडी, तिथून गायमुखावरून पायी डोंगर, दर्शन, दुपारी सासनकाठ्यांची (गावोगावच्या मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक, संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघाली की मग खाली. म्हणजे सकाळपासून अंधार पडेपर्यंत वरच.

नवरा म्हणतो, "आई लग्न झाल्यापासून जातेय, तिला काही होत नाही." मी माहेरची नागपूरची, ऊन मला नवं नाही. एवढी गर्दी आणि एवढा गुलाल मात्र मी पाहिलेला नाही. "जाऊच नका" हा सल्ला कृपया नको, तो मी देऊन पाहिलाय. जायचं धरून काय करावं ते सांगा.

तांबडापांढरा:
जोतिबाच्या नावानं चांगभलं! वैनी, सासूबाईंना नमस्कार सांगा. बाकी लोक येतीलच अक्कल शिकवायला, मी जागा धरून बसतो.

काठीवाला:
आमच्या गावची काठी दरवर्षी जाते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

या यात्रेचा पेच असा की तिचा सगळ्यात देखणा भाग भर दुपारी असतो. निनाम पाडळीची मानाची पहिली काठी, मागे विहे, किवळ आणि बाकीच्या, अशी मिरवणूक दुपारी सुरू होते. काठी म्हणजे दोन-तीन मजल्यांएवढा उंच बांबू, वर फरारा (निशाणाचं कापड), चारी बाजूंनी तोरण्या (तोल धरायच्या दोऱ्या) ओढून धरलेल्या. एकजण पट्ट्यात घेऊन नाचवतो, बाकीचे तोल सांभाळतात. ज्याच्या अंगात रग आहे त्यालाच हे झेपतं. आणि बघायला आलेला माणूस त्याच वेळेला, त्याच उन्हात, तापलेल्या दगडावर दोन-तीन तास एका जागी उभा असतो. आमच्यातला काठी नाचवणारा गडी क्वचित पडतो, कारण त्याला दर दहा मिनिटाला कुणीतरी पाणी पाजतं आणि बदली देतं. पडतात ते बघणारे.

म्हणून पहिलं: डोंगर पहाटे चढा. उजाडायच्या आत गायमुख सोडायचं. वर पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत लगेच घुसू नका, आधी खाऊन-पिऊन घ्या. रांग किती वेळ घेईल हे तिथल्या पुजाऱ्यालाही सांगता येत नाही. आईंचा कुणी ठरलेला पुजारी असेल (बहुतेक जुन्या घरांचा असतोच) तर त्याच्या घरी दुपारी टेकायची सोय होते. आधी फोन करून ठेवा. सावलीतली एक चटई त्या दिवशी लाखमोलाची असते.

दुसरं: काठीच्या पुढे-मागे पोराला घेऊन उभं राहू नका. तोरणी सुटली तर काठी कुठल्या बाजूला झुकेल सांगता येत नाही. तसंच गावातून काठी आणताना वरच्या तारांकडे बघणारा एक माणूस वेगळा ठेवावा, हे इथं कुणी काठीसोबत जाणारे असतील त्यांच्यासाठी. बांबूला वीज लागत नाही अशा भ्रमात राहू नका, ओला बांबू असतो आणि वर जरीचं कापड.

रानमेवा:
खोबऱ्याचं पण लिहा की. वाटी अख्खी भिरकावतात काही हिरो. वरच्या ओवरीतून आलेली वाटी कपाळावर बसली की टाके पडतात. बारीक तुकडे करूनच उधळा म्हणून दरवर्षी सांगतात, दरवर्षी अर्धे लोक ऐकतात. पोराच्या डोक्यावर टोपी कडक कडेची घाला, उन्हालाही आणि खोबऱ्यालाही.

गुर्जी:
आमची आजी बैलगाडीनं जायची. ओआरएस नाही, टोपी नाही, पंप नाही. खिशात कांदा आणि मुखात नाव. ९१ वर्षं जगली. आजकाल देवाला जायचं म्हटलं की आधी मेडिकलच्या दुकानात जातात. श्रद्धा असेल तर काही होत नाही.

डॉक्टरीणबाई:
@गुर्जी, आजींना नमस्कार. पण त्या बैलगाडीनं कशा जायच्या तेही आठवून बघा. पहाटे आणि रात्री चाल, दुपारी आमराईत मुक्काम. बैलाला दुपारी जुंपत नव्हते, आणि जे बैलाला कळायचं ते माणसालाही आपोआप लागू व्हायचं. आता आपण एसी गाडीतून थेट बारा वाजताच्या उन्हात उतरतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ती शेतात राबणाऱ्याला असते, ऑफिसात बसणाऱ्याला नसते. आणि खिशातल्या कांद्यानं अंगाचं तापमान उतरत नाही. कापून जेवणात खा, निदान चव येईल.

आता झुळूकताईंसाठी. मी फिजिशियन आहे, पण आईंना तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना हे विचाराच:

लघवीची गोळी शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढते. दिवसभर घाम गाळणार असतील तर त्या दिवशी मात्रा कमी करायची का, वेळ बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून बंद करू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी उन्हात उभं राहिल्यावर चक्कर येते, तेही विचारा. शुगरच्या माणसानं उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रांगेत उभं राहणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. नवसासाठी उपवास धरायचा असेल तर तो आदल्या आठवड्यात धरा. इन्सुलिन असेल तर गाडीत ठेवू नका. ओल्या कपड्यात गुंडाळलेलं छोटं मातीचं भांडं अजूनही उत्तम काम करतं.

आणि पाय! हे कुणी लिहीत नाही. देवळाचा परिसर काळ्या दगडाचा, अनवाणी चालायचं. जुन्या शुगरमध्ये तळपायाची संवेदना कमी झालेली असते. दगड पोळतोय हे कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. जाड सुती मोजे घाला. देवाला मोजे चालतात. शंका असेल तर पुजाऱ्याला विचारा, मला खात्री आहे तो हो म्हणेल.

तांबडापांढरा:
मोजे घालून जोतिबा. आता काय बघायचं राह्यलंय.

रानमेवा:
@तांबडापांढरा तुझ्या तळपायाचा फोटो टाक यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, मग बोलू.

खानदेशी_पाऊल:
आमच्याकडून चैत्रात वणीच्या गडावर, सप्तशृंगीला, पायी जातात. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातून जत्थेच्या जत्थे. चैत्रातला खानदेश म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या मंडळाचा नियम साधा आहे: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालणं बंद. शाळा, देऊळ, कुणाचा मळा, जिथे सावली तिथे आडवं व्हायचं. रात्री चालायचं, पण रात्रीचा धोका उन्हाचा नसून गाड्यांचा. हायवेला अंधारात माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही. म्हणून झेंड्याच्या काठीला आणि पाठीवरच्या पिशवीला चमकणारी पट्टी (ट्रकच्या मागे लावतात ती), पुढे-मागे बॅटरी, आणि डीजेची गाडी असेल तर नाचणारे गाडी आणि दुभाजकाच्या मधे येणार नाहीत हे बघायला एक शहाणा माणूस.

पायाला फोड आला तर फोडू नका, वर कापूस ठेवून चिकटपट्टी. नवीन चप्पल यात्रेला काढू नका. कोल्हापूरकरांना चपलेबद्दल मी काय सांगणार म्हणा.

काठीवाला:
@खानदेशी_पाऊल नवी कोल्हापुरी घालून डोंगर चढलेला माणूस ओळखायची खूण: तो चप्पल हातात घेऊन उतरतो.

मंद_वारा:
ओआरएसबद्दल कुणीतरी नीट सांगा. मेडिकलवाला टेट्रापॅक देतो, पोरांना आवडतो, ते चालतं का?

डॉक्टरीणबाई:
बरं झालं विचारलंत. त्या पॅकमधल्या पुष्कळशांत साखर भरमसाट आणि मीठ नावाला असायचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचा, पावडरीचा पुडा घ्या आणि पुड्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडा एकदम मिसळा. अर्धा पुडा बाटलीत अंदाजानं टाकू नका. पुडा नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा.

पण हे औषध आहे, सरबत नव्हे. आईंना बीपी-शुगर आहे म्हणून दिवसभर ओआरएसच पाजत बसू नका. एरवी साधं पाणी, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं (कमी साखरेचं). उलट टोकही सांगते: तासाला दोन-दोन लिटर नुसतं पाणी ढोसणंही वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं. तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पीत राहणं एवढंच जमवा. लघवी गडद पिवळी झाली किंवा चार-पाच तास झालीच नाही तर पाणी कमी पडतंय. बायका यात्रेत स्वच्छतागृहाच्या भीतीनं पाणीच पीत नाहीत, हा खरा आजार आहे आपला.

वेंधळी:
शेवटच्या वाक्याला +१००. आम्ही चौघी जावा दिवसभर एक बाटली चौघींत पुरवतो. कारण सगळ्यांना माहिती आहे.

झुळूक:
आई पण हेच करतात! यावर उपाय काय?

वेंधळी:
पुजाऱ्याचं घर हाच उपाय. काठीवालादादांनी सांगितलंय ते सावलीसाठी, मी सांगते ते संडासासाठी. फोन आजच करा.

निवृत्त_खाकी:
यात्रांच्या बंदोबस्तात नोकरी गेली, त्यामुळे गर्दीवर लिहितो.

२५ जानेवारी २००५, मांढरदेव, काळूबाईची यात्रा. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, अरुंद वाट, चढणारे आणि उतरणारे समोरासमोर, मग दुकानांना आग. सुमारे तीनशे माणसं गेली. तेव्हा कडाक्याचं ऊनही नव्हतं. लोकांना वाटतं माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात. पुष्कळजण उभ्या-उभ्याच जातात, कारण छाती फुगायलाच जागा राहत नाही.

धोका आधी ओळखता येतो. आजूबाजूच्यांचा स्पर्श सगळीकडून लागतो आहे आणि हात वर घेऊन तोंड पुसता येत नाही, म्हणजे एका चौरस मीटरात पाच-सहा माणसं झाली. तेव्हाच बाहेर पडा, दर्शन राहिलं तरी चालेल. गर्दी आपोआप पुढे-मागे झुलायला लागली तर फार उशीर झालाय असं समजा. मग हे करा: दोन्ही हात छातीसमोर आडवे, मुठी मिटलेल्या, कोपरं बाहेर, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते. एक पाय पुढे, एक मागे. रेट्याच्या विरुद्ध ताकद लावू नका, रेटा ओसरला की दोन पावलं तिरकं, कडेकडे सरका. भिंत आणि बंद कठडा टाळा. काही पडलं तर वाकायचं नाही, मोबाईल असला तरी. पडलाच तर कुशीवर, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर.

सात वर्षांचं पोर अशा ठिकाणी कंबरेएवढं असतं, त्याला हवाच मिळत नाही. त्याला मुख्य रांगेत नेऊच नका. शिखराचं दर्शन बाहेरून घेतलं तरी नवस पोचतो, हे मी पोलीस म्हणून नाही, भक्त म्हणून सांगतो.

आणखी एक. मोबाईलला त्या दिवशी रेंज नसते. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते सकाळीच दाखवून ठेवा, "देवळापाशी" असं मोघम नको. पोराच्या हातावर आतल्या बाजूनं पेननं फोन नंबर लिहा, वर पारदर्शक चिकटपट्टी. आईंच्या ब्लाऊजच्या खिशात चिठ्ठी: नंबर, आजार, गोळ्यांची नावं.

गुर्जी:
@निवृत्त_खाकी, पटलं. आमच्या भागातले काहीजण होते मांढरदेवला.
(कांद्याबद्दल माझं मत कायम आहे.)

जेद्दाहचा_सांगलीकर:
इथे रुग्णालयात काम करतो, हजच्या हंगामात ड्युटी लागते. २०२४ च्या हजमध्ये पारा ५१ च्या वर गेला आणि १३०० हून जास्त माणसं दगावली. त्यातली बहुसंख्य परवान्याशिवाय आलेली, म्हणजे ज्यांना गार तंबू आणि बस मिळाली नाही अशी. ऊन सगळ्यांना तेच होतं, फरक सावलीचा होता.

आणि फार लांब कशाला, १६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवा. महाराष्ट्र भूषणचा सोहळा, उघडं मैदान, पारा चाळिशीलाही नव्हता, तरी १४ जण गेले. समुद्राकाठची दमट हवा, घाम वाळत नाही, आणि लोक सकाळपासून बसलेले. त्यामुळे "आज काही फार ऊन नाही" यावर विसंबू नका.

मंद_वारा:
उष्माघात आणि नुसती चक्कर यांतला फरक घरच्या माणसाला कसा कळावा?

डॉक्टरीणबाई:
बोलण्यावरून. दमलेला माणूस म्हणतो "मला गरगरतंय, बसू दे". उष्माघाताचा माणूस भलतंच बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, ओळखत नाही, किंवा बोलतच नाही. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. घाम थांबलेला असेलच असं नाही. चालून-नाचून आलेल्या उष्माघातात घामानं चिंब माणूसही मरतो.

पहिल्यासाठी सावली, पाय उंच, पाणी-मीठ. अर्ध्या तासात बरा झाला नाही तर डॉक्टर. दुसऱ्यासाठी १०८ ला फोन आणि त्याच क्षणी गार करायला सुरुवात. रुग्णवाहिका येईपर्यंत वाट बघायची नाही. कपडे सैल, अंगावर पाणी ओता, चारजण उपरण्यानं वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघ. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, फुप्फुसात जातं. क्रोसिन वगैरे तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. आणि शुगरचा पेशंट बरळायला लागला तर ग्लुकोमीटरनं साखरही बघा, उतरली असली तर असाच दिसतो. पाठीवरच्या पिशवीत मीटर ठेवा.

बाईमाणूस_कराड:
पुरणपोळीचं कोण बोलणार? नैवेद्य घरून करून नेतात, पहाटे डबा भरतात, दुपारी दोनला उघडतात. पोळी टिकते, कटाची आमटी अजिबात टिकत नाही, नारळाचं दूध तर नाहीच. आमच्या घरी नैवेद्यापुरत्या पोळ्या आणि खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी. परतीला जुलाब लागणं बंद झालंय. आणि उसाच्या रसातला बर्फ! खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम आहे, पण रसात ढवळल्यावर कोण बघतंय. रस बिनबर्फाचा मागा.

तांबडापांढरा:
गायमुखाला अन्नछत्रात गरम जेवा की. तिथं ताजं असतं, पंगत सारखी उठते. आणि गाडी पंक्चर झाली तर वाटेत मेकॅनिक लोक फुकटात काढून देतात यात्रेला. कोल्हापूर आहे, उगंच नाही.

चकवा:
गुलालावर कुणीच बोललं नाही म्हणून. सगळा डोंगर गुलाबी होतो, दिसायला स्वर्ग. पण श्वासाबरोबर ती बारीक पूड छातीत जाते. दम्याच्या पोराला एन९५ मास्क, चष्मा (कॉन्टॅक्ट लेन्स कुणीही लावून जाऊ नये), अंगाला आधीच खोबरेल. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, भरपूर स्वच्छ पाणी. पंप खिशात. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर तापून निकामी होईल किंवा फुटेल.

आणि पेटत्या कापराजवळ गुलाल उधळू नये. मार्च २०२४ मध्ये धुळवडीच्या दिवशी उज्जैनच्या महाकाल मंदिरात आरतीच्या वेळी गुलालानं भडका उडाला, गाभाऱ्यातले पुजारी-सेवक मिळून १४ जण भाजले.

डॉक्टरीणबाई:
@चकवा, मास्कबद्दल थोडं असहमत. सात वर्षांचं मूल उन्हात एन९५ लावून चढ चढणार नाही, ओढून काढेल. गर्दीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवणं हाच खरा उपाय. यात्रेच्या दोन-तीन आठवडे आधी पोराच्या डॉक्टरांना दाखवा. दम आटोक्यात नसेल तर यंदा त्यानं जाऊ नये. ताई, तुम्ही नको म्हणालात तो सल्ला पोराच्या बाबतीत मी देणारच.

काठीवाला:
मग त्याला पाकाळणीला न्या ना. यात्रेनंतरच्या रविवारी देऊळ धुतात, गर्दी असते पण पौर्णिमेसारखी नसते. नाहीतर पुढच्या माघात खेट्यांना (रविवारच्या वाऱ्यांना) न्या, थंडी असते, कोल्हापुरातून चालत जायची मजाही येईल. देव काय पौर्णिमेपुरताच डोंगरावर असतो का?

झुळूक:
सगळ्यांचे खूप आभार. आईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. मोज्यांवर हसल्या, निवृत्त_खाकीकाकांचा भाग दोनदा वाचायला लावला. पोराचं मान्य झालं, त्याला पाकाळणीला नेणार. पौर्णिमेला आई, नवरा आणि मी. गायमुखाचा चढ रद्द, रात्रीच वर मुक्काम. पुजाऱ्यांना फोन केला, दोन चटया आणि "ती" सोय आहे म्हणाले. पहाटे दर्शन. मिरवणुकीवर मात्र तडजोड नाही, "पाडळीची काठी बघितल्याशिवाय मी हलणार नाही" असं ठणकावलंय. शेवटी ठरलं: घराच्या ओट्यावरून जेवढी दिसेल तेवढी. पालखीसाठी थांबायचं की नाही ते तिथे बघू. डॉक्टरांकडे उद्या जातोय.

निवृत्त_खाकी:
उत्तम. पालखीला थांबलात तर एक ध्यानात ठेवा, पालखी गेली की सगळी यात्रा एकदम खाली सुटते. त्या लोंढ्यात उतरू नका. तासभर ओट्यावरच बसून राहा, पिठलं-भाकरी खा, मग निघा.

वेंधळी:
ताई, दवणा (देवाला वाहायचा सुगंधी पाला) वाहायचा असेल तर आदल्या रात्रीच घेऊन ओल्या फडक्यात ठेवा, सकाळी दुकानांपुढे मुंगी शिरायला जागा नसते.

मंद_वारा:
वाखुसा (वाचनखूण साठवली). याच धाग्यात विचारतो, माझे वडील शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडीबरोबर चढायचं म्हणतायत, वय ७१, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. काय करू?

डॉक्टरीणबाई:
नवीन धागा काढा. आणि धागा काढायच्या आधी कार्डिऑलॉजिस्टची वेळ घ्या.